कोपरामागची नस

कोपर थोडं दुमडा. कोपराचं टोक आणि आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा यांच्यामध्ये एक खोबण लागते. दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावरून आडवं फिरवलं की दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सटकतं, आणि जरा जोर लागला तर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ही अल्नार नस. चौकटीवर कोपर आपटल्यावर जो झटका बसतो तो हिचाच. इतकी मोठी नस शरीरात इतक्या उघड्यावर, नुसत्या कातडीच्या आड, फार थोड्या ठिकाणी सापडते.

कुष्ठरोगाची तपासणी करणारा माणूस आधी याच खोबणीत बोटं घालतो. दोन्ही हातांच्या नसा एकाच वेळी चाचपतो. एक बाजू दुसरीपेक्षा जाड लागते का, दाबल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर कळ उमटते का, ते बघतो. मग पाठीवरचा, दंडावरचा फिकट चट्टा. "आजी, डोळं झाका. टोचल्यागत झालं की तिथं बोट ठिवा." बॉलपेनचं टोक चट्ट्याच्या कडेला लागतं, आजी बरोबर बोट ठेवते. टोक चट्ट्याच्या मध्यावर लागतं, आणि आजी डोळे मिटून तशीच बसून राहते.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातल्या वैराग भागात अजून कितीतरी घरी शाळूची भाकरी चुलीवर होते. भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग बोटांनीच उचलून उलटायची. या सगळ्यात बोटाला धग लागते, आणि ती लागते म्हणूनच बोट वेळेवर मागे येतं. ज्या बाईच्या हातातली नस आजारली आहे तिला धग लागत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "बोटाला फोड कशाचा गं?" आणि तेव्हा तिला कळतं की भाजलं होतं. तिला तरीही त्याचं फारसं काही वाटत नाही. दुखत नाही, खाजत नाही, ते कशाला कुणाला दाखवायचं? कुष्ठरोगाचं सगळं कपट या एका गोष्टीत आहे: सुरुवातीला तो दुखतच नाही.

भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण सापडतात. जगात सापडणाऱ्या एकूण नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे. तरीही हा रोग कातडीचा आहे असंच बहुतेकांना वाटतं. तो मुळात नसांचा आहे. चट्ट्यावर उष्ण-थंड कळेनासं का होतं, कोपरामागची नस जाड का होते, आणि गोळ्यांनी जंतू मेल्यावरही वाकडी झालेली करंगळी सरळ का होत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नसेच्या आत आहेत. ती शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुष्ठरोग नव्हताच. कुणी बेडकाची जीभ बघत होता, कुणी सापाचं विष.

सापाच्या विषापासूनच सुरुवात करू. फेलिचे फोंताना हा इटालियन अभ्यासक फुरशाच्या कुळातल्या युरोपीय सापाचं विष शरीरात नेमकं कशावर काम करतं याच्या मागे लागला होता. विष रक्तावर चालतं की नसांवर? त्यासाठी हजारो प्रयोग त्याने केले. नसांवर चालत असेल तर नस म्हणजे काय हे आधी माहीत हवं, म्हणून ताजी नस पाण्यात ठेवून तो ती बारीक सुईने उसवत गेला आणि भिंगाखाली पाहत गेला. १७८१ साली त्याचा ग्रंथ आला. त्यात त्याने लिहिलं की नस म्हणजे एक अखंड दोर नाही. ती अतिशय बारीक, पारदर्शक, लांबच लांब नळकांड्यांची जुडी आहे आणि ही नळकांडी न तुटता, एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी धावतात. आज आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो त्याचं हे पहिलं नीटस वर्णन. तोवर नस पोकळ आहे, तिच्यातून कसलासा प्राणरस वाहतो, अशी समजूत शतकानुशतकं चालत आली होती. फोंतानाने जे पाहिलं त्यात त्या समजुतीला फारशी जागा उरत नव्हती.

पुढची पन्नासेक वर्षं फार काही हललं नाही, कारण भिंगं चांगली नव्हती. प्रत्येक वस्तूभोवती रंगीत कडा दिसायच्या आणि त्या कडांनाच लोक शरीराची रचना समजून बसायचे. १८३०च्या सुमाराला रंगदोष काढलेली सूक्ष्मदर्शकं हाती आली आणि बर्लिनमध्ये एका माणसाभोवती एक विलक्षण घोळका जमला. योहानेस म्युलर हा तो शिक्षक. त्याच्या विद्यार्थ्यांत श्वान होता, रेमाक होता, हेल्महोल्ट्झ होता, फिरखो होता. मज्जातंतूंच्या इतिहासात पुढे ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात त्यातले इतके जण एकाच गुरूच्या हाताखालून गेले.

यातला रॉबर्ट रेमाक मला सर्वांत जवळचा वाटतो. जन्म १८१५चा, पोझेनचा, ज्यू कुटुंबातला. विशी ओलांडतानाच, १८३६ ते १८३८ या काळात, तो नसांतले तंतू एकेक करून तपासत होता. त्याला दोन प्रकार दिसले. काही तंतूंभोवती चमकदार पांढरं जाड आवरण होतं. काही तंतू मात्र अगदी बारीक, करडे, त्या आवरणाशिवायचे. इतरांनी ते पाहिले तेव्हा हे तंतू नसेचे नाहीतच, नुसतं जोडणारं ऊतक आहे, असं म्हणून कित्येकांनी ते उडवून लावले. रेमाक हटला नाही. तंतू नसपेशीतूनच निघतो, पेशी आणि तंतू हे एकाच वस्तूचे भाग आहेत, हेही त्याने दाखवलं, आणि हे सांगणारा तो पहिल्या काही जणांपैकी एक होता.

प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवता येत नसे. बाप्तिस्मा घेतला तर वाट मोकळी होत होती. रेमाकने घेतला नाही. अर्ज करत राहिला, थेट राजापर्यंत गेला, आणि १८४७ साली बर्लिन विद्यापीठात व्याख्याता होणारा पहिला ज्यू झाला. पूर्ण प्राध्यापकपद त्याला अखेरपर्यंत मिळालं नाही. नव्या पेशी जुन्या पेशींच्या विभाजनातूनच जन्मतात हेही त्याने दाखवलं होतं, पण त्याचं श्रेय आजही शाळेच्या पुस्तकात फिरखोच्या नावावर आहे. १८६५ साली, पन्नाशीतच, रेमाक गेला. हे सविस्तर लिहिण्याचं कारण एवढंच की त्याने पाहिलेले, लोकांनी नाकारलेले हे करडे तंतूच आपल्या चट्ट्याच्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे आहेत.

थिओडोर श्वानचं नाव पेशीसिद्धांतासाठी सगळ्यांना माहीत असतं. १८३९ साली त्याचा ग्रंथ निघाला; प्राण्याचं शरीरही वनस्पतीसारखंच पेशींचं बनलेलं असतं हे त्यात मांडलेलं होतं. त्याच ग्रंथात तंतूंवरच्या आवरणाचं वर्णन आहे आणि त्या आवरणाला चिकटलेल्या केंद्रकांचंही. श्वानला वाटलं की पेशींची रांग एकमेकींत विरघळून तंतू तयार होतो आणि ही केंद्रकं त्या जुन्या पेशींची. हे चूक होतं. ती केंद्रकं वेगळ्याच पेशींची, तंतूला बाहेरून कवटाळून बसलेल्या सोबतिणींची. पण त्या पहिल्यांदा त्याने नोंदवल्या म्हणून आजही त्यांना श्वान पेशी म्हणतात. जाड तंतूवर एकेक श्वान पेशी स्वतःला पुन्हा पुन्हा गुंडाळून घेते आणि त्या थरांतून ते पांढरं, चरबीयुक्त वेष्टन बनतं. फिरखोने १८५४ साली त्याला मायलिन हे नाव दिलं. ते गुंडाळण्यातून बनतं हे मात्र थेट १९५४ साली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, बेटी गेरेन या अमेरिकन संशोधिकेने कोंबडीच्या भ्रूणांच्या नसांत दाखवलं. रेमाकच्या बारीक तंतूंना हे वेष्टन नसतं, पण ते उघडे पडलेले नसतात. एकच श्वान पेशी असे कितीतरी तंतू आपल्या अंगाच्या खाचांमध्ये सांभाळून असते.

नसेतून निरोप किती वेगाने जातो, हा प्रश्न म्युलरला मोजता येण्यापलीकडचा वाटत होता. त्याच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, तो वेग १८५० साली मोजून दाखवला. बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेली लांब नस घ्यायची. नसेला एकदा स्नायूजवळ विजेचा चटका द्यायचा, एकदा लांबवर. स्नायू आखडायला दोन्ही वेळा किती वेळ लागला यातला फरक काढायचा. उत्तर निघालं, सेकंदाला साधारण २७ मीटर. लोकांना ते पचेना. इच्छा आणि हालचाल यांच्यात वेळ जातो ही कल्पनाच त्यांना नवी होती.

सगळे तंतू मात्र एकाच वेगाचे नसतात. ठेच लागली की आधी एक तीक्ष्ण कळ येते, मग क्षणभराने तो खोल, जळजळता ठणका सुरू होतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी निघालेले निरोप आहेत. पहिला बारीक पण मायलिन असलेल्या तंतूंवरून आला, दुसरा रेमाकच्या करड्या तंतूंवरून, सेकंदाला मीटरभराच्या आसपास सरकत. जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर या दोघा अमेरिकनांनी १९२०च्या दशकात विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र नसांना जोडलं आणि तंतू जितका जाड तितका वेगवान हे मोजून सिद्ध केलं. त्यांनी तंतूंचे ए, बी, सी असे गट पाडले. त्यातला सी गट म्हणजे रेमाकचे तंतू: ऊब, चटका आणि रेंगाळणारं दुखणं यांचे निरोपे. १९४४ चं नोबेल या दोघांना मिळालं.

वेग येतो कुठून याचं अर्धं उत्तर पॅरिसमध्ये लुई रांव्हिएने आधीच देऊन ठेवलं होतं. १८७१च्या सुमाराला त्याला चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या तंतूंवर ठरावीक अंतरावर बारीक काळे क्रूस दिसले. तिथे मायलिन खंडित होत होतं, आणि दोन खंडांमध्ये श्वान पेशीचं केंद्रक नेमकं एकच होतं. निरोप या खंडावरून त्या खंडावर उडी घेत जातो हे कळायला पुढची सत्तरेक वर्षं लागली.

आता ती बेडकाची जीभ. ऑगस्टस वॉलर हा लंडनमध्ये दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर. बेडकाची जीभ इतकी पातळ असते की ती ताणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर जिवंत बेडकात आतल्या नसा दिसतात. वॉलरने जिभेकडे जाणारी नस एका बाजूने कापली आणि नंतरच्या दिवसांत तंतूंचं काय होतं ते बघत राहिला. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, जिभेच्या बाजूचा प्रत्येक तंतू हळूहळू तुकडे तुकडे होऊन विरला. मेंदूच्या बाजूचा भाग शाबूत राहिला. १८५० साली त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. अर्थ स्पष्ट होता: तंतूचं पोषण त्याच्या मूळ पेशीकडून होतं, आणि पेशीशी संबंध तुटला की तो मरतो. मेलेल्या तंतूच्या जागी नवा अंकुर मूळ बाजूने फुटतो आणि श्वान पेशींच्या उरलेल्या वाटेने पुढे सरकतो. हा सरकण्याचा वेग माणसात दिवसाला सुमारे १ मिलीमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे कोपराशी परत यायचं आहे.

या सगळ्या काळात नॉर्वेतल्या बर्गन शहरात कुष्ठरोग्यांची मोठी रुग्णालयं भरलेली होती. फिरखो स्वतः १८५९ साली नॉर्वेला जाऊन कुष्ठरोग पाहून आला आणि रुग्णांच्या ऊतींत दिसणाऱ्या फुगीर पेशींचं वर्णन त्याने केलं. १८७३ साली बर्गनच्याच आर्मावर हान्सनने रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले. माणसातला चिवट आजार एका जंतूमुळे होतो असं दाखवणाऱ्या पहिल्या शोधांपैकी तो एक. याच हान्सनने संसर्ग सिद्ध करण्याच्या हट्टापायी एका बाई रुग्णाच्या डोळ्यात तिला न विचारता रोगाचा अंश टोचला. १८८० साली न्यायालयाने त्याला दोषी धरलं आणि रुग्णालयातलं त्याचं पद गेलं. शोध मोठा आहे म्हणून ही गोष्ट वगळून चालणार नाही. त्या बाईने तक्रार केली, आणि ती ऐकली गेली, हेही त्या शोधाच्या इतिहासाचा भाग आहे.

जंतू सापडला, पण तो नसेत कसा शिरतो? इथे कथा मुंबईत येते.

वसंत रामजी खानोलकर हे नाव आज डॉक्टरांबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते परतले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं, आणि १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी हाती घेतल्या. १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया त्यांचा, हे तर खरंच. पण त्याच टेबलावर, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली ते कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप पाहत होते.

बहुतेक अभ्यासक तोवर वाढलेल्या रोगाकडे बघत होते, जिथे जंतूंचे ढीग असतात आणि सुरुवात कुठून झाली याचा माग पुसलेला असतो. खानोलकरांनी उलट केलं. रोग जेमतेम दिसू लागलेल्या कातडीचे काप घ्यायचे, एकीकडे तंतू दिसतील असा रंग, दुसरीकडे जंतू दिसतील असा रंग, आणि दोन्ही ताडून पाहायचं. जंतू सापडत होते ते कातडीतल्या अगदी बारीक नसांच्या फांद्यांत. १९५१ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा हा अभ्यास विशेष अहवाल म्हणून छापला. त्यांचं म्हणणं असं होतं की जंतू कातडीतल्या तंतूंच्या उघड्या टोकांशी शिरतात आणि तंतूच्या आतून वरच्या दिशेला चढत जातात. म्हणजे रोगाची पहिली घडामोड कातडीत नाही, नसेत होते.

वाटेबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे दुरुस्त करावा लागला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतू आणि त्याची श्वान पेशी यांच्यातली सीमा स्पष्ट दाखवली, आणि जंतूंचं मुख्य बिऱ्हाड श्वान पेशीत आहे हे निश्चित झालं. या कामातही मुंबई पुढे होती. जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी कुष्ठरोग्यांच्या नसांचे काप वर्षानुवर्षं तपासले. पुढे डॉ. नोशिर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांनी मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये नसेच्या या आजाराचा पिच्छा पुरवला. जंतू नसेला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून आत येतो असंही आता दिसतं. पण रोग नसेपासून सुरू होतो हा खानोलकरांचा मूळ मुद्दा जागचा हलला नाही.

आणि श्वान पेशी तरी कुठल्या? जंतूला अधिक मानवतात त्या मायलिन न बनवणाऱ्या, म्हणजे रेमाकचे करडे तंतू सांभाळणाऱ्या. श्वान पेशीच्या बाहेर प्रथिनांचं एक अस्तर असतं. १९९८ च्या सुमाराला अनुरा रामबुक्काना यांच्या गटाने दाखवलं की जंतू या अस्तरातल्या लॅमिनिन नावाच्या प्रथिनाला पकडून पेशीला चिकटतो आणि आत जातो. आत गेल्यावर त्याला घाई नसते. तो साधारण बारा-चौदा दिवसांतून एकदा विभागतो. बहुतेक रोगजंतूंना याला काही मिनिटं किंवा तास लागतात. म्हणूनच लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. प्रयोगशाळेच्या काचेत तो आजवर खात्रीने वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो या खवल्यांच्या अमेरिकन प्राण्यात मात्र तो वाढतो.

उंदराचा तळपाय आणि आर्माडिलो का, याचं कारण थंडावा. या जंतूला ३० ते ३३ अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब मानवते. शरीराच्या आतले ३७ अंश त्याला जास्त होतात. त्यामुळे खोलवरच्या नसा बहुधा वाचतात आणि कातडीलगत, हाडावरून जाणाऱ्या नसा सापडतात: कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतल्या बाजूची, मानेवरून कानाकडे जाणारी. तपासणीत हात नेमके याच जागांवर जातात.

आता चट्ट्यावरचा बॉलपेन पुन्हा आठवा. रोगाने आधी गाठले ते बारीक तंतू. ते ऊब आणि दुखणं सांगतात. जाड, वेगवान, स्पर्शाचे तंतू मागाहून. म्हणून चुलीपाशी बसलेल्या बाईला तव्याची धग कळेनाशी होते तेव्हाही पिठाचा मऊपणा तिच्या बोटांना कळत असतो. सगळं ठीक वाटतं. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायकांचं पोट बोटांच्या टोकांवर आहे. हात चालतोय तोवर काही बिघडलंय असं कुणाच्याही मनात येणार नाही. पूर्वी दवाखान्यात दोन नळ्या ठेवत, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि आळीपाळीने चट्ट्याला लावून विचारत. साधी वाटणारी ही चाचणी खरं तर रेमाकच्या तंतूंची चाचणी आहे.

नस जाड होते त्याचं कारण निराळं. जंतू स्वतः फारसा विषारी नाही. शरीराला त्याची जाणीव होते तेव्हा संरक्षक पेशी नसेत शिरतात आणि तिथे सूज चढते. नसेभोवतीचं आवरण चिवट, फार न ताणणारं. कोपरामागची खोबण अरुंद. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा आवळला जातो, आणि वॉलरने बेडकाच्या जिभेत पाहिलं तेच इथे घडतं: दाबलेल्या जागेच्या पलीकडचे तंतू विरून जातात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मग पंजातले छोटे स्नायू वाळतात आणि ती दोन बोटं आत वळतात. गोळ्या सुरू असताना, कधी संपल्यानंतरही ही सूज अचानक भडकू शकते. हात दुखायला लागला, पकड कमी झाली की लोकांना वाटतं औषध बाधलं आणि ते गोळ्या सोडतात. सोडायच्या नसतात. तेव्हा आरोग्य केंद्रात धाव घ्यायची असते, कारण प्रेडनिसोलोन देऊन ती सूज उतरवता येते. हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर शक्ती आणि संवेदना परत येण्याची बरीच आशा असते. त्यानंतर दिवसागणिक कमी होत जाते.

का, त्याचा हिशेब वॉलरच्या गोष्टीतून करता येतो. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत ३५-४० सेंटिमीटर. दिवसाला १ मिलीमीटर या वेगाने नव्या अंकुराला वर्षभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ चालावं लागेल, तेही वाट दाखवणाऱ्या श्वान पेशी जागेवर असतील तर. इथे तर आजारल्यात त्याच. तोवर निरोप न मिळालेला स्नायू झिजत राहतो.

औषधाची बाजू मात्र आज भक्कम आहे. १९८०च्या दशकापासून डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन ही औषधं एकत्र दिली जातात; आता सहा किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्या काही मात्रांतच रुग्णापासून दुसऱ्याला होणारी लागण जवळजवळ थांबते. घरातल्या माणसाला वेगळं ताट देण्याचं, परसात झोपवण्याचं कुठलंही कारण मुळीच नाही. क्लोफॅझिमिनने कातडी काळसर-तांबूस होते; तेवढं पाहून शेजारीपाजारी कुजबुजतात आणि बाई गोळ्या पदराआड लपवते. हा काळपटपणा औषध थांबल्यावर काही महिन्यांत निवळतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

बोटं झडतात, ही समजूत खोटी ठरवली ती वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने, १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून. त्याने रुग्णांचे हात दिवसभर काय करतात ते पाहिलं. बोटं रोगाने गळत नव्हती. गरम भांडं, कुऱ्हाडीचा दांडा, बुटातला खिळा, रात्री कुरतडणारा उंदीर, यांच्यापासून हात मागे घ्यायला लावणारं दुखणं उरलेलं नव्हतं. वाळलेल्या स्नायूंच्या जागी दुसरीकडचा चांगला स्नायू वळवून बोटं उघडता येतात, हे त्याने करून दाखवलं, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात अंतियांनी अशा शस्त्रक्रियांची परंपरा उभी केली. वाकडी बोटं त्याने सरळ होतात, पकड येते. संवेदना या शस्त्रक्रियेने येत नाही. म्हणून अशा रुग्णाला दवाखान्यातून मऊ रबराच्या खास चपला मिळतात, आणि रोज संध्याकाळी हातपाय साध्या पाण्यात भिजवून, तेल लावून, डोळ्यांनी निरखून बघायला सांगतात: कुठे फोड, कुठे काटा, कुठे लाली. भाकरी उलटायला उलथनं, तवा उतरवायला सांडशी, आणि पातेलं किती तापलंय ते बघायचं असेल तर कोपराच्या वरची, अजून शाबूत असलेली कातडी.